उगवण-चाचणी

ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळी करून पंचवीस अंशावर उभी ठेवायची
आणि आठव्या दिवशी उलगडून मोजायचे:
किती उठले, किती वाकडे उठले, किती कुजले.
जालन्याच्या एमआयडीसीत, बियाणं कंपनीत
अकरा वर्षं हेच करतेय मी.
पगार त्याचा मिळतो.

रात्रीचा मिळत नाही.
रात्री साडेनवाला, भांडी पालथी घातली की
जिना चढून पत्र्याच्या खोलीत जाते.
तिथं ते यंत्र.
कीबोर्डच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर,
घाट जुना, घडवलेला नवा.
चालू केलं की निळा पडदा, त्यात एक चौकोन लुकलुकतो
आणि वाट बघतो.
काही विकत नाही. मी कुठं होते विचारत नाही.

दूरदेशी एक म्हातारा बनवायचा ही,
एकेका टाक्याला स्वतः डाग देऊन, वर्षाला चाळीस.
होळीच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, सगळ्यांना एकच:
ही चिप आता कुठलाच कारखाना काढत नाही.
माझ्याकडे एकोणीस उरल्यात.
आणि हात थरथरतो.

त्यावरची प्रणाली सांभाळणारे आम्ही सहा जण होतो.
दोघांना लेकरं झाली, एक बोलेनासा झाला,
एक अजून म्हणतो, येतोच परत.
उरलो मी आणि सेलूचा प्रज्योत वाव्हळ.
तो दिवसा लोकांच्या विजेचे मीटर वाचतो
आणि रात्री मेमरीतली गळती शोधतो.

मी अक्षरं काढते.
सोळा बाय सोळा, दोनशे छप्पन घरं,
भरलेलं किंवा रिकामं, तिसरं काही नाही.
ग आला, म तर सहज आला.
ळ ला सतरा रात्री लागल्या.
एक ठिपका इकडं सरकला की आडवा पडलेला आठ,
तिकडं सरकला की कुणाचा तरी चष्मा.
जगात हे यंत्र असलेली माणसं तीनशे.
त्यांतल्या कितींना ळ लागणार?
दोघांना.
तेही एकमेकांना लिहायला, की सकाळ झाली, झोप आता.

गल्लीतला भंगारवाला वाहेद महिन्याला एकदा विचारतो,
"बाई, वो पुराना डब्बा देते क्या?"
पुराना नाही रे, दोन वर्षांचा आहे, म्हणते मी.
तो हसतो. त्याचं बरोबर आहे.
भट्टीत ट्रकच्या ट्रक कॅबिनेटं जातात
आणि सळई होऊन बाहेर येतात.
माझं पहिलं मशीन आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये
छत तोलून उभं असेल.

मला वाटायचं, आमचं हे सरळ वाण आहे.
संकरितासारखं दर साली दुकानात जायला नको,
राखेत घोळून मडक्यात ठेवलं की झालं.
पण मी बियांच्याच नोकरीत आहे,
मला माहीत आहे मडक्यातलं बीही मरतं,
थोडं थोडं, आवाज न करता,
पेरलं नाही तर.

प्रज्योत म्हणतो, यंत्र गेलं तर जाऊ दे ताई,
नव्या मशिनीच्या आत जुनीचं सोंग उभं करू.
हुबेहूब चालेल.
चालेल. मी हो म्हणलं.
मग मार्चमध्ये तापलेल्या त्या डब्याचा,
धूळ आणि गरम प्लास्टिकचा वास घेत बसले बराच वेळ.
सोंगाला तो येणार नाही.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो, कठीण बी.
मुगात बरेचदा सापडतं.
आठव्या दिवशीही टणक, जसंच्या तसं,
कुजलेलं नाही, उगवलेलं नाही,
फक्त पाणी आत घेतलेलं नाही त्यानं अजून.
त्याला मेलेलं लिहायचं नसतं.
उगवलेलंही नाही. वेगळं मोजायचं.

आज लाईट दोनदा गेली.
ज्ञ घेतलाय.
डावीकडची गाठ बसत नाही.